सहावं पातं

आमचे वडील चेकर होते. म्हणजे उद्यमनगरातल्या एका मशीन शॉपमध्ये दुसऱ्यांनी लेथवर केलेला माल तपासायचे. बुश, गाइड, पिना, असलं काहीबाही. मायक्रोमीटर लावायचा, आकडा बघायचा. मापात असलं तर पेटीत, नसलं तर त्यावर लाल रंगाचा ठिपका आणि बाजूच्या टबात. पास किंवा रिजेक्ट. तिसरा शब्द त्यांच्या कामात नव्हता आणि घरी आल्यावरही त्यांना तो कधी सापडला नाही. आम्ही त्यांना आबा म्हणायचो.

कसबा बावड्यातल्या आमच्या घरानं हे वर्षानुवर्षं सोसलं. भाकरी ताटात पडली की आबा ती फिरवून बघणार आणि म्हणणार, "ह्या अंगाला जाड हाय." गवंड्यानं न्हाणीघराची चौकट बसवली, तर हे त्याच्या मागं उभे राहून म्हणाले, "पावणं, वरनं दोन सूत आत गेलीया." गवंडी तडकला. ओळंबा लावला. दोन सूत आतच होती. माझ्या लग्नात सगळं गाव अक्षता टाकत होतं आणि आबा मांडववाल्याला शोधत फिरत होते, कारण डावीकडचा खांब कलला होता. आई कपाळावर हात मारून म्हणायची, "ह्यांच्या डोळ्यांत काय घातलंय कुणाला ठावं. चांगलं म्हणून कायच दिसत न्हाय."

मी गेलो बरोबर उलट्या धंद्यात. नव्वदच्या दशकात शाहूपुरीत एका शिंप्याच्या दुकानावरच्या माडीवर माझा फोटो स्टुडिओ होता. रोलचा जमाना. लग्नं, बारशी, पासपोर्ट. फोटोवाल्याचं काम असं की गिऱ्हाइकाला ते आहे त्यापेक्षा थोडं बरं दाखवायचं. त्यात मला काही गैर वाटत नव्हतं. आबा अल्बम चाळायचे आणि एखाद्या नवरीवर बोट ठेवून म्हणायचे, "हिचं नाक एवढं सरळ न्हाय." मी म्हणायचो, "आबा, ती खूश हाय की. तुमी कशाला मोजतासा?"

मग एका वर्षी आबांनी पास केलेला अख्खा लॉट परत आला. बुश मापात नव्हते. मायक्रोमीटरवरची रेघ त्यांना काही महिने एकाच्या दोन दिसत होती आणि त्यांनी हे कुणाला सांगितलं नव्हतं. आम्हालाही नाही. मोतीबिंदू होता. मालक भला माणूस. आवाज न चढवता म्हणाला, "आबा, लई केलंसा. आता घरी बसा." आबा सायकल घेऊन दुपारीच घरी आले. खांद्यावरच्या पिशवीत त्यांचं भिंग होतं आणि स्वतःचं फीलर गेज. फीलर गेज म्हणजे दोन भागांमधली फट मोजायचं हत्यार. चाकूसारखं उघडायचं, आत पोलादाची पातळ-पातळ पानं आणि प्रत्येकावर त्याची जाडी कोरलेली.

दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं झाली. डॉक्टर म्हणाले, आता सुईत दोरा ओवाल. आबांनी सुईत दोरा ओवून दाखवला, पण त्यानंतर त्यांनी कशातच खोट काढली नाही. काहीही पुढं ठेवलं की म्हणायचे, "बरं हाय." चहा बरा हाय. सून चुकून कच्चा भात वाढून गेली, तो बरा हाय. आमच्या समोरच्यानं कुंपणाची भिंत अशी वाकडी बांधली की रस्त्यानं जाणारी माणसं थांबून हसायची. आबा रोज अंगणातल्या खुर्चीवर तिच्याकडं तोंड करून बसायचे आणि गप्प असायचे.

पहिले काही दिवस घराला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. मग आईनं एकदा मुद्दाम आमटीत मीठच घातलं नाही. आबांनी ती भुरकून खाल्ली, हात धुतला आणि उठले. आई स्वयंपाकघरात माझ्याजवळ येऊन म्हणाली, "ह्यो माणूस गेला रं." ती रडत नव्हती. तिनं ते दूधवाला गेला म्हणावं तसं सांगितलं, म्हणून मला जास्त लागलं.

आता लेन्सकडं येतो.

माझ्याकडं एक जुनी एकशे पस्तीसची लेन्स होती, लांबून नुसता चेहरा टिपायची. कुठल्याही लेन्समध्ये काचांच्या मधोमध पात्यांचा एक वेढा असतो. माझ्या लेन्समध्ये सहा पाती होती. प्रत्येक पातं नखाएवढं, कोयरीसारखं वाकलेलं, कागदाहून पातळ आणि काळं. त्याला दोन बाजूंना दोन बारीक पिना. एक पिन पक्क्या चकतीच्या भोकात बसते, दुसरी फिरत्या कड्याच्या खाचेत. कडं फिरलं की सहाही पाती एकदम आत सरकतात आणि मधलं भोक लहान होतं. उलटं फिरवलं की मोठं. उजेड जास्त असला की लहान भोक, कमी असला की मोठं. लेन्सवरचे आकडे मात्र उलटे, मोठा आकडा म्हणजे लहान भोक. नवीन फोटोवाला पहिलं वर्ष यातच गटांगळ्या खातो.

आणखी एक गंमत अशी की आपण कॅमेऱ्यातून बघत असतो तेव्हा पाती पूर्ण उघडी असतात, बघणाऱ्याला भरपूर उजेड मिळावा म्हणून. बटण दाबलं की ती क्षणात ठरल्या जागी मिटतात, फोटो पडतो आणि पुन्हा उघडतात. एवढं सगळं डोळ्याची पापणी लवायच्या आत. त्यामुळं त्या पात्यांना एकच गोष्ट चालत नाही. तेल.

आणि आमचं गाव तर तेलातलं. उद्यमनगरात ज्याची हयात गेली त्याला दोन लोखंडं एकमेकांवर घासताना ऐकवत नाहीत. एका रविवारी मी लेन्स घरी पुसून टेबलावर ठेवली होती. आबांनी ती उचलली, मागची बारीक दांडी बोटानं दाबून पाहिली. आत पाती कोरडी सर्रकन सरकली. त्यांनी शिलाई मशीनची तेलाची कुपी आणली आणि दांडीच्या फटीतून दोन थेंब सोडले. घरी बसल्यापासून त्यांनी आपणहून हात लावलेली ही पहिली वस्तू.

मला हे माहीत नव्हतं. त्या आठवड्यात हातकणंगल्याला एका लग्नाला गेलतो. नवरा-नवरीचे, आयाबायांचे सगळे जवळचे चेहरे मी त्या लेन्सनं घेतले. कॅमेऱ्यातून सगळं झक्क दिसत होतं, दिसणारच, बघताना पाती उघडीच असतात. पण तेलानं ती एकमेकांना चिकटली होती. मिटायला उशीर करत होती आणि तोवर फोटो पडून जात होता. रोल धुतल्यावर निगेटिव्ह तव्यासारखी काळी निघाली. छापली तर माणसं पिठात बुडवून काढल्यासारखी पांढरी. नवरीच्या चुलत्यानं अल्बम माझ्या टेबलावर आपटला आणि विचारलं, "ही आमची पोरगी हाय का भूत?"

लेन्स खिडकीकडं धरली तर पात्यांवर तेलाचे रंग चमकत होते. मी तसाच घरी आलो.

"आबा, लेन्सला काय केलं?"

"तेल सोडलं. कोरडं घासत हुतं."

माझं डोकंच फिरलं. "घासू दे की! दिसंल तिथं तेल घालायचं असतंय व्हय? आणि तुमाला दिसतंय तरी काय आता?"

आई दारात उभी होती. आबांनी माझ्याकडं बघितलं आणि म्हणाले, "चुकलं."

हा शब्द मी त्यांच्या तोंडून जन्मात ऐकला नव्हता. लॉट परत आला तेव्हाही ते नुसते गप्प बसले होते. मला लाज वाटली आणि लाज वाटली म्हणून आणखी राग आला. त्याच रागात स्टुडिओत जाऊन मी लेन्स खोलली, पाती पेट्रोलमध्ये धुतली आणि पुसायला लागलो. सहावं पातं रुमालात अडकलं. मी ओढलं. पात्याला मधोमध घडी पडली आणि पिन तुटून कुठं उडाली ती आजतागायत सापडली नाही. हे आबांनी केलं नव्हतं, मी केलं होतं. घरी मात्र मी तसं स्पष्ट सांगितलं नाही, नुसतं "पातं मोडलं" म्हणालो.

कोल्हापुरात ते पातं मिळायचा प्रश्नच नव्हता. मुंबईच्या दुरुस्तीवाल्यानं फोनवर सांगितलं, मॉडेल जुनं आहे, पार्ट येत नाहीत, टाकून द्या. उरलेली पाच पाती आणि ते मोडकं मी एका बशीत ठेवून घरी आणलं. का आणलं, सांगता येत नाही. आई बशीकडं बघत म्हणाली, "ह्यांना सांग की करायला."

"आई, ते केसाएवढं काम हाय."

"तुझं भिंग खड्ड्यात जाऊ दे. त्यो माणूस उठतोय का बघ."

मी बशी अंगणात नेली आणि आबांसमोर धरली. म्हटलं, असं एक पातं पाहिजे. ते म्हणाले, "मला काय दिसतंय आता?" टोमणा मारायचा म्हणून म्हणाले नाहीत. ते माझंच वाक्य होतं, त्यांनी ते पास करून घेतलं होतं. मी मान खाली घालून म्हटलं, "दिसंल तेवढं करा."

त्यांनी आठ दिवस घेतले. तेवढं पातळ पोलाद कुठनं आणणार, म्हणून त्यांनी स्वतःच्या फीलर गेजमधलं सगळ्यात बारीक पान कापलं. मी म्हटलं, आबा, गेज बाद होईल. "मला आता कशाला लागतंय," म्हणाले. चांगलं पातं त्यावर ठेवून सुईनं आकार ओढला, कात्रीनं कापला, दगडावर घासला. पितळी टाचणीच्या पिना केल्या आणि घण म्हणून चहाचा चमचा वापरून त्या ठोकून बसवल्या. चुलीवर धरून पातं काळं केलं. बसवताना आम्ही दोघं होतो. खोक्याची झाकणं बिनाचिकटपट्टीची एकात एक अडकवून बंद करतो, तसं असतं ते. प्रत्येक पातं आधीच्यावर चढवायचं आणि शेवटच्याची कड पहिल्याच्या खाली घालायची. तीनदा सगळं विस्कटलं. चौथ्यांदा बसलं.

आबांनी लेन्स माझ्या हातात दिली. "बघ. पास का?"

आयुष्यभर दुसऱ्यांना हे सांगणारा माणूस मला विचारत होता. मी कडं फिरवून आठवर आणलं आणि उजेडाकडं धरलं. सहा बाजूंचं भोक. त्यातली एक बाजू केसभर आत. पिनेचं भोक पडताना हात तेवढा सरकला असणार. फोटोला त्यानं काही फरक पडत नाही, उजेड येतो तेवढाच येतो, गिऱ्हाइकाला सात जन्मांत कळणार नाही. मी म्हणालो, "पास. एक नंबर."

त्यांनी क्षणभर माझ्याकडं बघितलं. मग म्हणाले, "बरं हाय," आणि समोरच्या भिंतीकडं तोंड करून बसले. आई आतून बघत होती. तिनं मला डोळ्यांनी विचारलं. मी मान हलवली, म्हटलं, नाही.

लेन्स चालू झाली. महिने गेले. आबा तसेच. मीठ नसलेलं तसंच खात होते.

त्या हिवाळ्यात एक नवं जोडपं रंकाळ्यावर फोटो काढायला घेऊन गेलो. दुपार कलली होती, मागं पाण्यावर उन्हाचे तुकडे चमकत होते. फोटो इतका चांगला आला की मी तो मोठा करून, फ्रेम घालून स्टुडिओच्या भिंतीला लावला. येणारं प्रत्येक गिऱ्हाईक म्हणायचं, असाच आमचा काढा.

एक दिवस माझा जेवणाचा डबा घरी राहिला. आईनं तो आबांच्या हाती पाठवला. मुद्दाम पाठवला असणार, ती तशी सरळ बाई नाही. आबा जिना चढून आले, डबा ठेवला आणि भिंतीसमोर थांबले.

"हे पाण्यात नट कशापायी टाकल्यात?"

नवरा-नवरीच्या मागं पाण्यावरची चमक पुसट झाली होती आणि तिचा प्रत्येक ठिपका सहा बाजूंचा झाला होता. मी उत्साहानं सांगायला लागलो, "आबा, नट न्हाईत ते. लांबचं पुसट झालं की उजेडाच्या ठिपक्याला लेन्सच्या भोकाचा आकार येतोय. सहा पाती, म्हणून सहा बाजू..." आणि बोलता बोलता माझी जीभ अडखळली. कारण प्रत्येक ठिपक्याची एक बाजू आत गेलेली होती. इतके दिवस मी त्या फोटोखाली बसत होतो आणि ते बघत नव्हतो.

आबांनी टेबलावरचं निगेटिव्ह बघायचं भिंग उचललं. फोटोच्या जवळ गेले. एका ठिपक्यावर बोट ठेवलं, मग दुसऱ्यावर, मग अगदी कोपऱ्यातल्यावर. बराच वेळ लागला. त्यांची मान हळूहळू पुढं येत होती, कारखान्यात यायची तशी.

"वरची डावी. समद्यांत तीच. आत हाय."

"ह्या नटाला पाना बसणार न्हाय," आबा म्हणाले आणि वळले. "तुला दिसलं न्हवतं?"

"दिसलं हुतं."

"कवा?"

"त्याच दिवशी."

"मग पास कशाला म्हणलास?"

"तुमाला वाईट वाटंल म्हणून."

आणि मग आबा ओरडले. दीड वर्षात त्या माणसाचा आवाज चढला नव्हता, तो सगळा एकदम आला. खालचा शिंपी कात्री हातात घेऊन अर्ध्या जिन्यापर्यंत धावत आला. "आरं, मी डोळं गेल्यावर चुकलो! तू डोळं असून चुकलास! आन् वर मलाच फसीवतोस? रिजेक्ट माल भितीला टांगून बसलाईस, लाज न्हाय वाटत?"

"वाटते," मी म्हणालो. खरंच वाटत होती. पण त्याच वेळी मला इतका आनंद झाला होता की चेहरा सरळ ठेवणं अवघड जात होतं.

निगेटिव्हचा नको तो भाग झाकायला आम्ही लाल रंग वापरायचो. त्याची बाटली टेबलावर होती. आबांनी लेन्स मागितली, ब्रश बुडवला आणि लेन्सच्या अंगावर एक ठसठशीत लाल ठिपका दिला. मग माझ्यासाठी आणलेला डबा स्वतःच उघडला, भाकरीचा तुकडा मोडला आणि तो उलटासुलटा करून बघितला.

"ह्या अंगाला जाड हाय. सांग तुझ्या आईला."

संध्याकाळी मी सांगितलं. आईनं दोनदा विचारलं, "असंच म्हणाले?" मग पदर डोळ्यांना लावला आणि म्हणाली, "मेल्याला एवढ्या वर्षांत गोल भाकरी कवा दिसलीच न्हाय."

दुसऱ्या दिवशी नवं पातं करायला म्हणून मी गेजचं उरलेलं पान त्यांच्यासमोर ठेवलं. ते खेकसले. "गेजला हात लावू नगंस. मला लागतंय." मग मी बाजारातून पातळ पोलादी पत्रा आणला. या वेळी एक पातं करायला त्यांना महिना लागला. पहिली तीन त्यांनी स्वतःच रिजेक्ट केली, मला दाखवलीही नाहीत. चौथं बसवलं तेव्हा पास का म्हणून विचारलं नाही. म्हणाले, "रंकाळ्यावर जा. त्याच टायमाला. फोटो आण." मी दोन दिवसांनी मोठा फोटो करून आणला. अंगणात उन्हात बसून त्यांनी भिंगाखाली एकेक ठिपका मोजला. आई उंबऱ्यात उभी. मी उभा. समोरच्या भिंतीच्या मालकालाही काहीतरी चाललंय असं वाटून तोही येऊन उभा राहिला.

"पास," आबा म्हणाले. थिनरचा बोळा घेतला आणि लेन्सवरचा ठिपका पुसून टाकला. मग मान वर करून समोरच्या माणसाला म्हणाले, "पावणं, तुमची भित कललीया."

त्यानंतर ते नऊ वर्षं जगले आणि कुणालाही सुखानं जगू दिलं नाही.

पुढं डिजिटल आलं. रोल गेले, ती लेन्स कपाटात गेली. आबांच्या माघारी एकदा कपाट आवरताना ती हाताला लागली. सोबत रोलची एक प्लास्टिकची डबी होती. तिच्यात ते पहिलं पातं, त्यावर लाल ठिपका. ते आबांनीच जपून ठेवायला लावलं होतं. ते पातं मी लगेच ओळखलं.

मग लेन्स खिडकीकडं धरली आणि कडं फिरवलं. सहा पाती कोरडी सर्रकन आत आली. सगळ्या बाजू सारख्या. मी पुन्हा फिरवलं, भिंग लावून बघितलं, लेन्स उलटी करून बघितली. त्यांतलं आबांचं कुठलं, ते मला सापडलं नाही.